गडवाभर पाणी

"साहेब, तुमी या वक्ताले इकडं?"

फुलवंताच्या हातातला गडवा अर्धा कलंडला होता. तो तिनं तसाच धरून ठेवला. तिच्या मागं बाकीच्या बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ओळीनं उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या हातात काही ना काही होतं. कोणाकडे गडवा, कोणाकडे वाटी, एकीच्या हातात नुसतं डब्याचं झाकण. सगळ्यांत पाणी होतं. बिरजुला म्हातारी शेवटी होती. तिला नीट दिसत नसे, त्यामुळे ओळ का थांबली ते तिला कळलं नाही.

"चाल ना व बाई, काहून थांबलीस? माझा हात दुखते."

कोणी हसलं नाही. गडव्यातलं पाणी फुलवंताच्या पायाशी ठिबकत होतं, आणि मी त्या थेंबांकडे पाहत होतो. मला माणसांकडे पाहून बोलायची सवय नाही. तेव्हाही नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत मी कधी शेतात जात नसे. बेलटोल्याच्या भात संशोधन केंद्रात मी नवी वाणं तयार करायच्या कामावर होतो, त्याला बरीच वर्षं झाली होती. दुपारी खोलीचं दार लोटून घ्यायचं, डबा खायचा आणि पुस्तक उघडायचं, हा माझा नेम. रोजंदारीच्या बाया मोहाच्या झाडाखाली जेवत. त्यांचं हसणं खिडकीतून ऐकू येई. ते माझ्यावरच असावं असं मला वाटे, आणि पुष्कळदा ते खरंही असे.

पण त्या दिवशी पुस्तकात लक्ष लागेना. दुसऱ्या दिवशी पाहणीला संचालक यायचे होते. कोरड्या जमिनीवर तग धरणारं धान शोधायची आमची योजना पुढं चालवायची की बंद करायची, ते या पाहणीवर ठरणार होतं. आणि आमच्याकडे दाखवायला धान होतं. एकशे सत्तावीस नंबरचं. इतकं चांगलं, की मला झोप लागत नव्हती. माझ्या हातून इतकं चांगलं काही होईल, यावर माझा विश्वास बसत नव्हता. म्हणून एकदा पुन्हा पाहून यावं, असं ठरवून मी छत्री घेऊन निघालो होतो.

प्रयोग साधा होता. केंद्रातल्या सर्वांत उंच बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, शंभरावर वाणं लावायची, प्रत्येकाच्या दोन-दोन ओळी. धान पोटरीवर आलं, म्हणजे लोंबी पोटात धरली, की बांधी फोडून पाणी काढून टाकायचं आणि पुन्हा द्यायचं नाही. धानाला सर्वांत जास्त तहान लागते ती याच वेळी. मग कोण करपतं आणि कोण टिकतं ते पाहायचं. त्या वर्षी पावसानं लवकर पाठ फिरवली. सगळा तालुका आभाळाकडे पाहत होता आणि मी एकटा मनातून खूष होतो. ती खुषी मी कोणाला दाखवली नाही.

बांधीतली बाकीची धानं पानांच्या सुरळ्या करून, टोकं करपवून उभी होती. त्यात एकशे सत्तावीस तेवढं हिरवंगार, पानं पसरून. हीच गोष्ट तिन्ही तुकड्यांत. एखाद्या जागी जमिनीत ओल असते, तिथलं वाण उगाच चांगलं दिसतं, म्हणून एकच वाण आम्ही तीन तुकड्यांत तीन वेगळ्या जागी लावतो. तिन्हीकडे टिकलं तर ते खरं. पुस्तकं तसं सांगतात. एकशे सत्तावीस तिन्हीकडे टिकलं होतं.

आणि आता त्याच्याच बुडाशी फुलवंता गडवा घेऊन उभी होती.

"किती दिवसांपासून चाललंय हे?" मी विचारलं.

"तुमी पाणी तोडलं तवापासून."

"रोज?"

"रोज. जेवण झालं का, घरून आणलेलं पाणी उरते, ते."

"सगळ्या धानांना?"

"नाही जी. सगळ्याले कुठून पुरन? हिलेच." तिनं वाकून धानाचं बूड बाजूला केलं. देठ जांभळा होता, पिकल्या जांभळासारखा. "आमच्या पोरीले."

तिचं म्हणणं एका अर्थी खरं होतं. फुलवंता नेवारे ही आमच्याकडची संकराची बाई. एका धानाच्या फुलातले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, फूल तसूभरही दुखवायचं नाही आणि दुसऱ्या धानाचे पराग त्यावर झटकायचे, असं ते काम. माझा हात थरथरायचा, म्हणून ते तिच्याकडे गेलं होतं. एकशे सत्तावीसची आई हे डोंगरउताराचं जुनं धान होतं, जांभळदेठी म्हणून. फुलवंताच्या माहेरी, कोसमडोंगरीला, ते विनापाण्याचं पिकायचं. एका दिवाळीला माहेराहून येताना तिनं पदराच्या गाठीत त्याचं मूठभर बी बांधून आणलं होतं आणि न विचारता माझ्या टेबलावर सोडलं होतं.

"फुलवंता," मी म्हणालो, "हिला तहान सोसते का, तेच तर पाहायचंय आपल्याला."

"मंग दुसऱ्याची पाहा ना. एवढी भरली आहे बांधी."

"तसं नसतं ते."

"कसं असते मंग?" तिनं गडवा खाली ठेवला. "लेक पोटुशी झाली का माहेरी आणते माणूस. तिचं खाणं, तिचं पिणं, काय पायजे नाही पायजे. इथं तर ही आमच्या डोळ्यापुढं पोटुशी. अन् समोर तलाव दिसते भरलेला. अन् आमी जेवून, ढसाढसा पाणी पिऊन, तिच्यापुढून हात हालवत जाऊ? तुमच्या पुस्तकात असन तसं. आमच्यात नाही."

"पण ती तुम्हाला सापडली कशी? तिन्ही ठिकाणी मी तिला वेगवेगळ्या जागी लावलं होतं. मलाही नकाशा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही."

आता मात्र त्या हसल्या. सगळ्याच.

"आपली पोरगी जत्रेत उभी केली तरी ओळखू येते, साहेब," मागून कोणीतरी म्हणालं. "तुमाले लेकरं नाहीत, तुमाले नाही समजायचं."

मी धुऱ्यावर बसलो. तिन्ही तुकडे, सगळी मोजणी, सगळी सरासरी माझ्यापुढं बरोबर होती, आणि सगळी खोटी होती. नशिबानं पाणी मिळालं असतं तर ते एका जागी मिळालं असतं, आणि मला कळलं असतं. या बायांनी तिन्ही ठिकाणी न चुकता दिलं होतं. मायेनं दिलं होतं, म्हणून सारखं दिलं होतं.

"डॉक्टरसाहेबाले सांगाल?" फुलवंतानं विचारलं.

"सांगावं लागेल."

"आमचं काम जाईन."

तिनं गडवा उचलला, उरलेलं पाणी माझ्या देखत एकशे सत्तावीसच्या बुडाशी ओतलं आणि मग म्हणाली, "सांगा. खोटं नका सांगू. पण आमी पाप केलं असं बी नका सांगू."

ओळ पुढं सरकली. एकेकीनं पाणी ओतलं. बिरजुलानं सर्वांत शेवटी, हातानं चाचपून, बरोबर बुडाशी.

डॉ. देवपुजारी हे केंद्राचे प्रमुख. मी त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा ते रंगाऱ्याला सूचना देत होते. पत्र्याची एक पाटी टेबलाला टेकवून ठेवली होती. तिच्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: 'बेल-१. अवर्षणात तग धरणारं धान.' रंग अजून ओला होता.

रंगारी गेल्यावर मी सगळं सांगितलं. मला सांगायला वेळ लागतो, पण त्यांनी ऐकून घेतलं. देवपुजारी वाईट माणूस नव्हते. योजना मिळवायला त्यांनी किती ठिकाणी चपला झिजवल्या ते मी पाहिलं होतं.

"गडवाभर पाणी," ते म्हणाले. "गडवाभर पाण्यानं काय होतं हो?"

"रोज सात-आठ गडवे, सर. तुकड्यागणिक दोनच ओळींना. सोय झाली त्यांची."

"म्हणजे ते धान अगदीच टाकाऊ आहे?"

"ते मला माहीत नाही. ते पाहिलंच गेलं नाही."

"मग चांगलंही असू शकेल."

"असू शकेल."

"झालं तर." त्यांनी पाटी सरळ केली. "उद्या आपण ते दाखवू. योजना वाचेल. पुढच्या वर्षी तुम्ही गुपचूप पुन्हा तपासा. बाया बदला, कुंपण घाला, काय हवं ते करा."

"पण बी वाटायचं जाहीर करणार आहात ना उद्या? तलावाच्या टोकाच्या गावांना?"

"थोडं वाटू. नमुन्यादाखल."

टोकाची गावं म्हणजे जिथं कालवा पोचेपर्यंत पाणी संपतं. तिथली सगळी शेती वरथेंबी, वरून पडेल त्या थेंबावर. तिथला माणूस नवं बी एकदाच पेरून पाहतो. फसलं तर पुढं दहा वर्षं केंद्राच्या माणसाला तो बसायला बाज टाकत नाही. मला हे सगळं म्हणायचं होतं. मनात वाक्यं जुळली होती, चांगली जुळली होती. तोंडातून एवढंच आलं, "सर, ते बरोबर नाही."

"खानझोडे." ते उठून माझ्याजवळ आले. आवाज मऊ होता. "तुम्ही मला काही सांगितलं नाही. मी काही ऐकलं नाही. उद्या तुम्ही फक्त तोंड उघडायचं नाही. आणि ते तुम्हाला अवघड जाणार नाही. इतकी वर्षं काय केलंत तुम्ही?"

मी मान हलवली. होकारार्थी. मला ती मान आजही आठवते, कारण ती मी हलवली नव्हती, ती सवयीनं हलली होती.

बाहेर आलो आणि पुन्हा बांधीकडे गेलो. उन्हं उतरायला लागली होती. बाया गेल्या होत्या. एकशे सत्तावीसकडे मी पाहिलं नाही. ते गेलं ते गेलं. पण बाकीची शंभर वाणं होती, ज्यांना कोणीच पाणी घातलं नव्हतं. त्यांच्याकडे मी तरी नीट कुठं पाहिलं होतं? पान हिरवं असेल तर चांगलं, पानाची सुरळी झाली की वाईट, असे गुण देत मी पुढं गेलो होतो. एक हिरवं धान डोळ्यांत भरलं होतं, तेव्हापासून बाकीचं सगळं मला वाळलेलं गवत दिसत होतं.

मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. यावेळी पानं पाहिली नाहीत. लोंबी हातात घ्यायची आणि दाणा नखानं दाबायचा. पोकळ. पोकळ. पुढचं पोकळ. काही धानांची लोंबी पोटातून बाहेरच आली नव्हती. बोटाला ओलसुद्धा लागत नव्हती. मी तरी दाबत गेलो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं आणि घरी जाऊन ती मान आठवायची नव्हती.

एका धानाशी नखावर दूध आलं.

मी दुसरा दाणा दाबला. दूध. खालचा दाबला. तोही भरत होता. धान दिसायला फार वाईट होतं. पानं सुईसारखी गुंडाळलेली, टोकं तांबडी, उंची माझ्या गुडघ्याला जेमतेम. मी त्याला सर्वांत कमी गुण दिले होते, कारण पाणी तोडल्याबरोबर सगळ्यांत आधी यानं सुरळी केली होती. नंबर होता एकशे एकतीस. मी दुसऱ्या तुकड्यात गेलो, तिसऱ्यात गेलो, अंधूक उजेडात काड्यांवरचे नंबर वाचत ते शोधून काढलं. तिथंही तसंच दळभद्री दिसत होतं आणि तिथंही दाणे भरत होते. अर्धेच, पण भरत होते.

एकशे एकतीस कुठून आलं ते मला पाठ होतं. आई जांभळदेठी, बाप आमच्याकडचं भरपूर उतारा देणारं धान. म्हणजे एकशे सत्तावीसची सख्खी बहीण. फक्त ही बापावर गेली होती. देठ हिरवा.

सकाळी संचालक आले. डॉ. कुकडे नावाचे ठेंगणे, वृद्ध गृहस्थ. त्यांनी धुऱ्यावर बूट-मोजे काढले, पँट दुमडली आणि कोरड्या बांधीत अनवाणी उतरले, त्यामुळे बाकीच्यांनाही उतरावं लागलं. टोकाच्या गावांतले काही शेतकरी बोलावले होते, ते एका बाजूला उभे होते. बाया मोहाच्या झाडाखाली. पाटी एकशे सत्तावीसच्या शेजारी रोवलेली होती.

देवपुजारी छान बोलले. बोलणं त्यांना येत असे. तलावांचा प्रदेश, तरी तहानलेला, अशी सुरुवात करून ते त्या हिरव्या ओळींपर्यंत आले. सगळे वाकून पाहू लागले. एका शेतकऱ्यानं पान चोळून पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाला, "हे तं कालव्याच्या तोंडावरचं वाटते बा."

"पुढच्या हंगामात याचं बी," देवपुजारी म्हणाले, "आपण टोकाच्या गावांना..."

"नाही," मी म्हणालो.

कोणाला ऐकू आलं नाही. मी शेवटी उभा होतो, एका जाड्या माणसाच्या मागं. मी त्याला बाजूला केलं. आयुष्यात मी पहिल्यांदाच कोणाला हात लावून बाजूला केलं असेन.

"साहेब, हे बी वाटू नका. या धानाला पाणी मिळालंय."

"मोठ्यानं बोला," कुकडे म्हणाले. "मला या कानानं कमी येतं."

म्हणून मला ते पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्यानं, सगळ्यांपुढं. आवाज माझा वाटत नव्हता. "या धानाला रोज पाणी मिळालंय. हे तहानेवर टिकलेलं नाही. याची परीक्षाच झालेली नाही."

देवपुजारींचा चेहरा मला दिसत होता. त्यात राग नव्हता, आश्चर्य होतं. घरातलं कपाट बोलावं तसं.

"कोणी दिलं पाणी?" कुकडेंनी विचारलं.

"प्रयोग माझा आहे. राखण माझी होती."

"ते ठीक. पण दिलं कोणी?"

"ते मी सांगणार नाही."

"रोजंदारीच्या बाया," देवपुजारी म्हणाले. "आजच काढून टाकतो, साहेब. खानझोडे, नावं द्या."

"नाही देणार."

"लपवता काहून, साहेब?" फुलवंता झाडाखालून सरळ बांधीत आली होती. पदर खोचलेला, मान ताठ. "मीनं दिलं जी पाणी. या सगळ्याइनं दिलं. पोटरीतल्या धानाले आमी तहानलं नाही ठेवत."

कुकडेंनी तिच्याकडे पाहिलं. "मग बाकीच्यांना का नाही दिलं?"

"ते आमचे कोणी नोहोत."

एक शेतकरी हसला आणि मग हसू दाबायला खोकला. कुकडे हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "म्हणजे तुमच्याकडे दाखवायला काही नाही."

"आहे."

मी पुढं निघालो. ते मागून आले, त्यामुळे सगळा घोळका आला. एकशे एकतीसपाशी मी थांबलो. तिथं पाटी नव्हती, नंबराची काडीसुद्धा वाकलेली होती. कोणीतरी म्हणालं, "झाडू आहे का हा?" आणि सगळे हसले.

"हे मेलंय," कुकडे म्हणाले.

"नाही मेलं. गुंडाळून बसलंय." मी एक लोंबी मोडून त्यांच्या हातात दिली. "दाबून पाहा."

त्यांनी दाणा दाबला नाही, दातांखाली धरला. मग दुसरा धरला.

"याला पाणी नाही मिळालं?"

"नाही. हे कोणाला ओळखू आलं नाही. मलाही नाही."

"खात्री आहे तुमची?"

"नाही."

देवपुजारींनी सुस्कारा सोडला.

"एकाच हंगामाचं आहे," मी म्हणालो. "तीन लहान तुकडे, आणि पाहणारा मी. मी पुष्कळदा चुकतो. पण हे मी पुढच्या वर्षी पुन्हा तहानलेलं ठेवणार. त्याच्या पुढच्या वर्षीही ठेवणार. योजना बंद केलीत तरी ठेवणार."

"कुठं ठेवणार? जागा आमची आहे."

"घरामागं ठेवीन. तिथं विहीरही नाही."

कुकडेंनी लोंबी खिशात घातली. "दिसायला काही बरं नाही हे," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणालो. "पण दाणा भरतंय."

ते बूट घालायला धुऱ्याकडे गेले.

फुलवंता मागं राहिली होती. ती उकिडवी बसून एकशे एकतीसचं बूड पाहत होती, देठ हिरवा होता तो. "हे कोणाचं?"

"तुझंच. आई जांभळदेठी. एकशे सत्तावीसची बहीण."

तिनं देठावरून अंगठा फिरवला. "बापावर गेलं अन् मंग. म्हणून नाही ओळखू आलं." थोड्या वेळानं म्हणाली, "सांगायचं होतं ना, साहेब. इतके दिवस तिच्या बाजूनं पाणी घेऊन गेलो आमी."

"सांगितलं असतं तर हिलाही पाजलं असतंत."

"पाजलंच असतं," ती म्हणाली. आणि ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर बायांची नावं नव्हती. मी ती लिहिली. देवपुजारींनी खोडली. मी पुन्हा लिहिली, खोडलेल्याच्या वर, ठळक. ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले, आणि मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मान हलवली नाही, नुसतं पाहिलं. ते परत गेले. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. पाटी कोंबड्यांच्या खुराड्यावर गेली. योजनेला एक वर्ष मिळालं, पुढं काय ते नंतर पाहू, असं तुटक पत्र आलं.

एकशे एकतीसला पुढं एक सरकारी नाव मिळालं. ते कोणी वापरत नाही. टोकाच्या गावांत त्याला 'सुरळी' म्हणतात. बाया मला माझ्या पाठीमागं 'सुरळी साहेब' म्हणायच्या, हे मला फार उशिरा कळलं. धानाचं नाव आधी पडलं की माझं, ते मी कधी विचारलं नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्याआधी तो दुसरा हंगाम काढायचा होता. पुन्हा ती उंच बांधी, पुन्हा धान पोटरीवर आलं, पुन्हा मी पाणी तोडलं. आणि पहिल्याच दुपारी बाया जेवायला बसल्या तेव्हा मी खोलीचं दार लोटलं नाही. डबा घेतला आणि मोहाच्या झाडाखाली गेलो.

त्या गप्प झाल्या. बिरजुलानं विचारलं, "कोण आलं व?" कोणीतरी तिच्या कानात सांगितलं. तिनं सरकून जागा केली.

मी बांधीच्या बाजूला बसलो, त्यांच्या आणि एकशे एकतीसच्या मधोमध. डबा उघडला. फुलवंतानं न विचारता माझ्या पोळीवर लाखोळीच्या डाळीचा घट्ट गोळा घातला, वाळल्या मासोळीची चटणी पुढं केली, मग हात मागं घेतला. "तुमी नाही खात ना हे."

"दे," मी म्हणालो.

चटणी फार तिखट होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या सगळ्या मनापासून हसल्या. यावेळी ते हसणं माझ्यावर आहे याची मला खात्री होती आणि मला काही वाटलं नाही.

जेवण झालं. फुलवंता उठली. तिच्या हातात गडवा होता, काठोकाठ. ती माझ्यापुढं येऊन थांबली आणि माझ्या खांद्यावरून मागच्या धानाकडे पाहू लागली.

"आता तं हिचीबी ओळख झाली आमची," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"पोटुशी आहे, साहेब."

"माहीत आहे. सरक मागं."

"रोज बसान इथं?"

"रोज."

ती उभीच राहिली. मागं बाकीच्याही उठल्या होत्या, गडवे आणि वाट्या घेऊन, आणि मला कळेना की एका बाजूला या इतक्या आणि दुसऱ्या बाजूला मी एकटा, हे मी रोज कसं निभावणार. मी हात पुढं केला. फुलवंतानं माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गडवा माझ्या हातात दिला.

मी तो तोंडाला लावला. पाणी कोमट होतं, मातीच्या घागरीचा वास असलेलं. मी पीत राहिलो. तळाशी आलो तरी थांबलो नाही. गडवा उपडा करून दाखवला. एक थेंबसुद्धा पडला नाही.

"दुसरा आण," मी म्हणालो.